एक मोसम तरी!

परवा गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर, नातवाची मॅच पाहायला गेलो होतो. मुले हरली. त्यांचा घामही वाळला नव्हता, तोच पालकांत कुजबूज सुरू झाली, "हा नवा कोच काही खरा नाही. दुसरा बघू." त्यांत माझे चिरंजीवही होते.

मला चंद्रकांत पंडित आठवले. २०१५-१६ मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढच्याच मोसमात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरला अंतिम सामन्यात गुजरातने हरवले आणि मुंबईने पंडितांना निरोप दिला. त्यांना विदर्भाने बोलावले. तोवर विदर्भाने रणजीची अंतिम फेरीही पाहिली नव्हती. पंडितांची शिस्त कडक. पण फैज फझलचा संघ त्या शिस्तीत तयार झाला. त्याच इंदूरला रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ रोजी करंडक विदर्भाचा झाला. पुढच्या वर्षी पुन्हा!

बँकेत मीही मार्चअखेरचा आकडा पाहून माणसे जोखली. एका नव्या शाखाधिकाऱ्याची वर्षभरातच बदली सुचवली. त्याने बसवलेली घडी पुढच्या वर्षी फळाला आली. शाबासकी मिळाली ती त्याच्या जागी आलेल्याला. त्या कागदावरची माझी सही अजून बोचते.

हरल्याचा जाब कोचला जरूर विचारावा. पण एका पराभवावर त्याची पारख करू नये.

घरी येताना चिरंजीवांना म्हटले, "अरे, एक मोसम तरी पुरा होऊ दे. मग मांडू हिशेब."