बारभाईचा प्रोजेक्टर

घरातला मिक्सर बिघडला तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ब्रश बदलायचे, की जार बदलायचं, की सरळ भंगारवाल्याला द्यायचा, हे आपण पाच मिनिटांत ठरवतो. पण वस्तू सामाईक असली की तीच बाई गप्प बसते. ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ म्हणतात ते काही उगीच नाही. वस्तू सगळ्यांची, म्हणून निर्णय कुणाचाच नाही!

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या पालीच्या मंडळाच्या खोलीतला प्रोजेक्टर बंद पडला, तेव्हा हेच झालं. ही खोली म्हणजे नुसती भजनाची जागा नव्हे, बरं का. सकाळी शिवणाचा वर्ग, दुपारी बचत गटाच्या बायका पापड-मसाल्यांची पाकिटं भरतात, घरून नोकरी करणाऱ्या दोन मुली इंटरनेटसाठी एका कोपऱ्यात येऊन बसतात आणि संध्याकाळी माझा नववी-दहावीच्या मुलींचा गणिताचा वर्ग. २०१८ साली वर्गणी काढून अडतीस हजारांना घेतलेला हा प्रोजेक्टर या सगळ्यांच्या उपयोगी पडत होता. शिवणाच्या बाई त्यावर ब्लाऊजचं कटिंग दाखवत, मी भूमितीच्या आकृत्या. आजूबाजूच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्या मुलींना घरी मोठा पडदा कुठून मिळणार? त्यांच्यासाठी तरी तो चालू राहायला हवा होता.

आधी चित्र अंधुक झालं. मग दहा मिनिटं चालून आपोआप बंद पडायला लागला. आणि मग सुरू झाली कुजबुज. श्रावणाच्या आधी आमच्यातल्या एका वहिनींनी मुलाच्या हळदीला फोटो दाखवण्यासाठी तो घरी नेला होता. “तिथेच आपटला असणार,” एकीने म्हटलं. दुसरीने “मंडपात पाऊस गळत होता म्हणे,” अशी भर घातली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण वहिनींचं शिवणाच्या वर्गाला येणं बंद झालं. अशा वेळी यंत्राआधी माणूस तुटतं.

पनवेलच्या एका दुकानदाराने तो हातात घेऊन, उघडूनही न बघता, “बोर्ड गेला, नवाच घ्या” असं सांगितलं. नवा म्हणजे पंचेचाळीस हजार. मंडळाच्या पेटीत होते तीन हजार! म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही, की दुकानात जाण्यापूर्वी रोग कोणता ते आपणच जरा ओळखून जावं. डॉक्टरकडे जाताना ताप किती, कधीपासून, हे आपण सांगतोच ना?

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याच्या मेनूमध्ये दिवा किती तास जळला याचा आकडा असतो. असे दिवे साधारण तीन ते पाच हजार तास चालतात. प्रकाश कमी ठेवून वापरला तर जास्त. चित्र हळूहळू अंधुक होत गेलं असेल आणि हा आकडा मोठा असेल, तर दिवा म्हातारा झाला असं समजावं. थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर आतली हवा कोंडली. जाळी धुळीने भरली असेल, नाहीतर पंखा मंद झाला असेल. यंत्रावर छोटे दिवे असतात, तेही खूण सांगतात: एक मुख्य दिव्यासाठी, एक उष्णतेसाठी. कोणता लाल होतो ते माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावं. (पुस्तिका हरवलेलीच असते! कंपनीच्या नावाने आणि मॉडेलच्या क्रमांकाने ती मोबाईलवर सापडते.)

हे झाले साधे आजार. पडद्यावर जागोजाग पांढरे ठिपके, जणू रांगोळीची पूड सांडली आहे असे, दिसू लागले आणि रोज वाढत गेले, तर आतली बारीक आरशांची चिप निकामी होते आहे. चित्रावर पिवळट डाग कायमचा बसला, तर आतल्या काचपट्ट्या उष्णतेने करपल्या. असल्या दुरुस्त्यांचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राइतका होतो, तेव्हा जुन्यावर माया करू नये. पंखा, जाळी, दिवा, वीजपुरवठ्याचा भाग एवढ्यात भागत असेल तर मात्र दुरुस्तीच बरी. माझं मत विचाराल तर दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपलीकडे गेली की थांबावं.

आमच्या प्रोजेक्टरचा आकडा होता ४०१६ तास. पुस्तिकेत दिव्याचं आयुष्य दिलं होतं चार हजार. मी वहीत हिशेब मांडला: आठवड्याला पंधरा तास, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे, म्हणजे सातशेवीस तास. करोनाच्या काळातलं दीड वर्ष वजा केलं तरी साडेपाच वर्षांत चार हजारांच्या आसपास येतातच. त्यात वहिनींच्या हळदीचे तास होते फक्त चार. यंत्रावर आपटल्याची खूण नाही, आत पाणी शिरल्याची नाही. आणि जाळी उघडली तेव्हा तिच्यावर जो थर होता तो तांबूस, तेलकट आणि वासाचा! तो आमच्या मिरचीचा, मसाल्याचा आणि रोज संध्याकाळी लावायच्या उदबत्तीचा होता. म्हणजे दोष कुणाचा असेलच तर सगळ्यांचा. अध्यक्षबाई ती वही घेऊन स्वतः वहिनींच्या घरी गेल्या. वहिनी आता येतात, पण पूर्वीसारख्या गप्पा अजून मारत नाहीत. त्याला वेळ लागेल.

नवा दिवा घ्यायचा ठरला तेव्हा दुसरा वाद निघाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर कंपनीचा अस्सल दिवा साडेसात हजार आणि ‘तसाच’ दुसरा अडीच हजार. बहुमत अर्थातच अडीच हजारांकडे. पण नकली दिव्याचा प्रकाश लवकर उतरतो, आणि तो फुटला तर आत काचा आणि पारा पसरतो, हे मुलींच्या वर्गात नको असं मी हटून सांगितलं. साडेसात हजारांना चार हजार तासांनी भागा, तासाला दोन रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात वडापावही येत नाही.

एका मैत्रिणीच्या लेकाचं म्हणणं, लेसरचा घ्या, वीस हजार तास चालतो. खरं आहे. पण आमच्या वापराने वीस हजार तास म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं! तेवढी आमच्या खोलीची कौलंही टिकायची नाहीत, मग यंत्राचे इतर भाग कुठून टिकणार? जिथे दिवसभर चालतो त्या मोठ्या संस्थेने जरूर लेसरचा घ्यावा. दुसरी एक म्हणाली, त्रेचाळीस इंची टीव्ही लावा, दिवे-बिवे बदलायची कटकटच नाही. दहा-बारा जणींना तो उत्तमच, खोलीत अंधारही करावा लागत नाही. पण शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ त्रेचाळीस इंचीच्या पाचपटींहून जास्त असतं. चाळीस जणी बसल्या की मागच्या रांगेला टीव्हीवरचा कोन नव्वदाचा की साठाचा, ते कळत नाही. आणि नवा घ्यायचीच वेळ आली तर पाच-सहा हजारांच्या खेळण्यांवरचे ‘इतके हजार ल्युमेन’ वाचून भुलू नका. ‘आन्सी ल्युमेन’ किती ते विचारा. खिडक्या असलेल्या वर्गाला तीन हजार तरी हवेत.

आपल्याकडे पडद्यावर चित्र दाखवण्याची हौस जुनीच. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं आली, त्याच्याही आधी कल्याणच्या पटवर्धनांनी काचेवर चित्रं रंगवून, त्यांच्यामागे दिवा लावून ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ केले होते. आणि दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, १९१३ची, गोष्ट सगळे सांगतात, पण त्या फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्याचं आणि ती धुण्याचं किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या होत्या आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत होत्या, हे कितीजणी सांगतात? तेव्हा “हे यंत्राचं काम, ह्यांना विचारून सांगते” असं आपण म्हणायचं कारण नाही. आमच्याकडची जाळी एका सातवी शिकलेल्या मावशींनी साफ केली. शिलाई मशीन उघडून तेल घालणाऱ्या हाताला चार स्क्रू जड नाहीत. फक्त वायर काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, आणि मऊ ब्रशने. स्पंजाची जाळी काही यंत्रांत धुता येते, काहींत नाही. पुस्तिका बघून करावं. नव्या दिव्याच्या काचेला मात्र बोट लावू नये.

आपल्या कोकणच्या हवेत आणखी जपावं लागतं. काम झालं की भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचं नाही. आधी प्रोजेक्टर बंद करून आतला पंखा थांबेपर्यंत थांबावं. चालू असताना वीज गेली तर ती आल्याबरोबर लगेच लावू नये, वीस मिनिटं निवू द्यावा. आणि वीज जाण्याचं आपल्याला काय सांगावं! ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्यात किती दिवस अंधार होता ते आठवा. पावसाळ्यात वर्गाला सुट्टी असली तरी आठवड्यातून अर्धा तास तो चालवावा, म्हणजे दमट हवेने भिंगावर बुरशी धरत नाही. गरम असताना कपाटात कोंडू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. औषधाच्या बाटल्यांत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या शेजारी ठेवाव्यात. भिंग धुतलेल्या मऊ मलमलीने पुसावं. पदराने नको, पदराला तिखट असतं.

आणि पैशाचं काय? जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा गेल्या दहा-बारा वर्षांत लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. वस्तू घ्यायला वर्गणी निघते हो, नारळ फुटतो, फोटो निघतो. दुरुस्तीसाठी पेटी फिरवा, मग बघा! आमचा खर्च दिवा आणि साफसफाई मिळून आठ हजार तीनशे झाला. पेटीतले तीन हजार, आणि उरलेले पाच हजार तीनशे बचत गटाने उसने दिले. ते फेडायला आता प्रोजेक्टर घरी नेला तर दीडशे रुपये घ्यायचे ठरलं आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, आणि ते अध्यक्षबाईंनी ठरवायचं, सगळ्यांसमोर विचारायचं नाही. दाराशी एक वही टांगली आहे: कुणी नेला, किती तास वापरला, परत आला तेव्हा आकडा काय. संशयाला जागा उरत नाही, हा त्या वहीचा मोठा फायदा. मसाल्याचं काम मागच्या पडवीत हलवलं, उदबत्ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाळी झटकायची पाळी लावली आहे. यंदा दिवाळीच्या फराळाच्या गडबडीतही ती चुकली नाही, हे विशेष.

राहता राहिला जुना दिवा. त्यात पारा असतो, म्हणून तो घंटागाडीत टाकायचा नाही आणि भंगारवाल्यालाही द्यायचा नाही, तो काच फोडूनच बघतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनुसार असा माल गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात तो जमा करावा. आमचा दिवा नव्याच्या खोक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. आमच्यापैकी जी पुढच्या खेपेला मुंबईला जाईल तिने तो न्यायचा आहे.