गाण्याची फाइल छोटी करा, पण मूळ आवाज पुसू नका

आखाजीची झोक्यावरची किंवा कानबाईच्या रोटांची गाणी घरातल्या स्पीकरवर लावली आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला, तर आपण पहिला दोष स्पीकरला देतो. अनेकदा स्पीकर ठणठणीत असतो. दोष पेनड्राइव्हमधल्या फाइलचा असतो. जागा वाचवण्यासाठी ती इतकी दाबलेली असते की, गाण्यातले बरेच काही कायमचे निघून गेलेले असते.

फाइल छोटी होते म्हणजे काय?

सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद होते. त्यामुळे एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. तेच गाणे १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये मिनिटाला सुमारे १ एमबीत बसते. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, हे ओळखून एमपीथ्री तो गाळून टाकते.

१९२ केबीपीएसच्या पुढे हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पण गाणे ६४ किंवा त्याहून खाली दाबले की, ऐकू येणारेही गाळले जाते. टाळ, घुंगरू, टाळ्यांचा ठसका आधी जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

गाळलेले परत येत नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. ६४ ची फाइल ३२० ची करून घेतली, तर फक्त जागा जास्त लागते, आवाज सुधारत नाही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे.

बिघाड कुठे आहे, कसे ओळखाल?

• तेच गाणे मोबाइलला वायरचा हेडफोन लावून ऐका. तिथेही घोगरे असेल, तर दोष फाइलचा. तिथे स्वच्छ असेल, तर स्पीकर, वायर किंवा ब्लूटूथ तपासा. ब्लूटूथही आवाज पुन्हा दाबूनच पाठवते.

• फाइल दिसते, पण वाजत नाही? व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट ओपस प्रकारात असते, आयफोनचे रेकॉर्डिंग एमफोरए प्रकारात. अनेक साध्या प्लेअरना हे प्रकार कळत नाहीत. फाइलच्या नावापुढे एमपीथ्री लिहून भागत नाही. अॅपमधून रीतसर एमपीथ्री प्रत बनवावी लागते.

• गाण्याची वेळ चुकीची दिसते? फाइल बदलत्या बिटरेटची असू शकते. जुन्या प्लेअरसाठी कॉन्स्टंट बिटरेट निवडा.

• पेनड्राइव्हच ओळखत नाही? जुने प्लेअर बहुधा फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतात. फॉरमॅट करण्याआधी गाणी दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर सगळे पुसले जाईल.

खरे नुकसान कुठे होते?

सिनेमाचे गाणे बिघडले, तर पुन्हा मिळते. घरच्या कॅसेटमधला आजीचा आवाज मिळत नाही. लग्नातली, हळदीची, आखाजीची अहिराणी गाणी कित्येक घरांत एकाच कॅसेटवर आहेत. ती जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये उतरवून घ्या की धुळ्याच्या आग्रा रोडवर, दुकानदाराला आधीच सांगा: ‘एमपीथ्री नंतर करा, पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये द्या.’ वेव्हमध्ये आवाज दाबलेलाच नसतो. फ्लॅकमध्ये जागा बरीच वाचते, पण आवाजातले काहीच गाळले जात नाही.

जागेची सबब आता चालणारी नाही. दोन जीबीचे कार्ड होते, तेव्हा गाणी दाबणे भाग होते. आज ६० मिनिटांची कॅसेट वेव्हमध्ये सुमारे ६०० एमबी होते. म्हणजे ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर चाळीस-पन्नास कॅसेट सहज मावतात.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ओव्या कागदावर उतरवल्या, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. शब्द वाचले. पण जात्यावर बसून ती ओळ त्या कशा ओढत असतील, हे कागद सांगू शकत नाही. आज ते काम खिशातला मोबाइल करू शकतो. मग हाती आलेला आवाज आपणच दाबून का टाकायचा?

म्हणून तीन गोष्टी पाळा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे गाणे व्हॉइस नोटवर नव्हे, तर रेकॉर्डर अॅपमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडून घ्या. नातेवाइकांना पाठवताना ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. आणि मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा, कारण पेनड्राइव्ह सांगून बिघडत नाही. स्पीकरसाठी हवी तेवढी छोटी प्रत करा. मूळ मात्र पुसू नका.