दिव्यांपेक्षा शिफ्ट महत्त्वाची

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे संगणकावरील खेळांत रमणाऱ्या तरुणांची चैन, असा जो समज आपल्या कचेऱ्यांतून रूढ आहे, तो आता सोडावयास हवा. कारण दिवसाचे सहा-सात तास मजकूर उतरविण्यात ज्यांचे जातात त्या लेखकांस, भाषांतरकारांस आणि कारकुनांस या वस्तूची निकड खेळाडूंहून अधिक आहे. नेहमीच्या स्वस्त कीबोर्डात कळांखाली रबराचा पडदा असतो आणि कळ जवळजवळ तळापर्यंत रेटल्यावाचून अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असून, ४ मिलिमीटरच्या प्रवासात साधारण २ मिलिमीटर अंतर काटताच तो आपले काम उरकतो.

चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या स्विचांवरील पेटंटची मुदत संपली, चिनी कारखान्यांनी त्याच घाटाचे स्विच काढले, आणि एके काळी ऐपतीबाहेरची असलेली ही वस्तू दोन-तीन हजारांच्या टप्प्यात आली. मात्र एवढ्या रकमेत सर्वच गुण एकत्र मिळत नाहीत, आणि जाहिरातींचा सारा भर असतो तो इंद्रधनुषी रोषणाईवर, जिचा लेखनास कवडीचा उपयोग नाही. ‘५ कोटी दाबांचे आयुष्य’ या दिमाखदार आकड्यानेही दिपून जाऊ नये: एकच कळ रोज ५,००० वेळा दाबली तरी ती संख्या गाठावयास १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षांहून अधिक काळ लागेल.

स्विचाचा रंग मात्र विचारपूर्वक निवडावा. निळा प्रत्येक दाबाला टकटकतो, लाल सरळ खाली जातो, तपकिरी वाटेत बोटाला हलकासा अडथळा जाणवू देतो. आणि ज्या खोलीत दुसरे माणूस काम करते, झोपते किंवा नुसते बसते, तेथे निळा आणणे हा, माझ्या मते, उघड अतिक्रमणाचा मामला आहे.

मराठी लिहिणाऱ्याने याहून अधिक बारकाईने पाहावी ती शिफ्ट. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेत क आणि ख, ग आणि घ, त आणि थ एकेकाच कळीवर नांदतात, आणि प्रत्येक जोडीतले दुसरे अक्षर शिफ्टवाचून मिळत नाही. ण, ळ, श, ष यांचीही तीच तऱ्हा. ‘भाषण’ एवढा तीन अक्षरी शब्द, पण त्यासाठी शिफ्ट तीनदा दाबावी लागते. या लांब कळीखालचा स्टॅबिलायझर, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी समतोल ठेवणारी तार, हलक्या प्रतीचा असला की कळ खडखडते आणि कडेला दाबल्यास अडकते. आटोपशीर आकाराच्या नादात उजवी शिफ्ट आखूड केलेले कीबोर्डही मराठीसाठी गैरसोयीचेच.

तेव्हा तजवीज अशी करावी: वायरलेसचा आग्रह सोडावा, जमाखर्चाचे काम नसल्यास अंकांचा स्वतंत्र भाग नसलेला ८७ कळांचा कीबोर्ड घ्यावा, आणि वाचलेले पैसे लवकर गुळगुळीत न होणाऱ्या पीबीटी प्लास्टिकच्या कीकॅपवर व हॉट-स्वॅपच्या सोयीवर खर्चावे, म्हणजे एक स्विच बिघडल्यास डाग न देता तेवढाच बदलता येईल. कळांवर देवनागरी अक्षरे बहुधा नसतील. स्टिकर लावावेत, किंवा न पाहता लिहावयास शिकावे.

दुकानदार खोका उघडून शिफ्ट दोन्ही टोकांना दाबून पाहू देत नसेल, तर सरळ दुसरे दुकान गाठावे. आणि ऑनलाइन मागविणाऱ्यांनी परत करण्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचाव्यात.