ड्रोन दिलं, बॅटरीचं काय?

नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. फोटो झाले, भाषणं झाली. आता बॅटरीवर बोला की!

लिथियम बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावली, किंवा हंगामानंतर फुल चार्ज करून पेटीत ठेवली, की लवकर बसते. साठवताना सेलमागे साधारण ३.८ व्होल्ट ठेवायचे असतात. फुगलेली वापरली तर पेटू शकते. हे किती ताईंना मराठीत लिहून दिलंय?

बॅटरी गेली की, 'तुम्हीच नीट वापरली नाही.' मग तपासून लेखी द्या ना! वॉरंटी महिन्यांत मोजता, फवारणी तर हंगामापुरतीच. वॉरंटी चार्जिंगच्या फेऱ्यांवर द्या, बदली बॅटरी तालुक्यातच ठेवा. कीड काय तुमच्या सर्व्हिस सेंटरसाठी थांबणारेय का?