बिअरच्या जत्रेला जाताना

मैत्रिणींनो, लेकीकडे अमेरिकेला गेलात आणि जावईबापू म्हणाले, "आई, बिअरचा महोत्सव पाहायला चला," तर दचकू नका. कोलोरॅडोत १९८२ साली सुरू झालेला 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' हा असाच. छोटे-मोठे कारखानदार तिथे आपापली बिअर चाखायला देतात. ही चवीची जत्रा, पिण्याची शर्यत नव्हे!

एका वेळी मिळते १ औंस, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर. पण हिशेब ठेवा बरं का! असे १२ पेले झाले की एक बाटली पोटात गेली. ५ टक्क्यांऐवजी १० टक्के अल्कोहोल असेल, तर दोन बाटल्यांइतकी.

घरून जेवूनच निघा. तिथली मंडळी तर खारट प्रेट्झेलची माळच गळ्यात घालून हिंडतात! मधूनमधून पाणी प्या. आधी हलकी, मग कडवट, दाट काळी शेवटी, म्हणजे प्रत्येकीची चव कळते. आवडली नाही तर ओतून द्या. पानात टाकू नये ही आपली सवय इथे नको.

औषधं चालू असतील, दिवस गेले असतील किंवा मनच नसेल, तर सरळ "नको" म्हणा. त्यात कमीपणा कसला?

आणि गाडी कोण चालवणार, हे घरीच ठरवा. त्याने थेंबभरही घ्यायची नाही. जावयाला कसं सांगावं, असा संकोच वाटेल. तरी सांगाच. घरी नातवंडं वाट पाहत असतात.