कोपरा जुळता जुळेना!

आई-बाबांच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला फोटोफ्रेम स्वतः बनवणार, असं ऑफिसभर सांगून बसलो. ४५ अंशांत पट्ट्या कापल्या, फेविकॉल लावला, कोपरे हातानं दाबून धरले. सकाळी बघतो तर दोन उघडे!

तडक बोहरी आळी गाठली. चार कॉर्नर क्लॅम्पचा हिशेब ऐकूनच घाम फुटला. दुकानातले काकाच म्हणाले, "चार कशाला? पट्ट्याचा एक घे, चारही कोपरे एकदम आवळतो." खरंच की! फक्त आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे नसले तर लांब कर्णाची टोकं हलकेच आत दाबायची. आणि रात्रभर हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड.

पार्टी उद्या आहे. फ्रेम अजून पट्ट्यातच.