दोन मतांचे ठाणे

मतदारसंघाच्या सीमारेषा हा आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतला सर्वांत दुर्लक्षित विषय. निवडणूक जवळ आली की बूथ, मतदारयाद्या, सभा, पत्रके यांची धावपळ सुरू होते. पण ज्या भूमीवर ती निवडणूक लढवायची तिचे कुंपण कोणी घातले, केव्हा घातले आणि कोणाच्या सोयीने घातले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांनी तरी तो विचारावा. या शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. आजचे मतदारसंघ आखले गेले ते २००१ च्या आकड्यांवर. म्हणजे त्यानंतर उत्तनपासून चेणेपर्यंत जी वस्ती वाढली, ती सीमा आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतीच.

सीमा गोठल्या की काय होते, हे पाहायला ज्या देशाकडून आपण संसदीय पद्धत घेतली तिथेच जावे. इंग्लंडात ओल्ड सॅरम नावाची एक उजाड टेकडी होती. गाव केव्हाच उठून गेले होते आणि मतदार बोटांवर मोजण्याइतके उरले होते; तरी ही टेकडी पार्लमेंटात दोन सभासद धाडीत असे. त्याच वेळी हजारो गिरणी कामगारांच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. या टेकडीची मालकी सतराव्या शतकाच्या अखेरीस विकत घेतली ती थॉमस पिट याने. हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केलेला हा गृहस्थ पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याचा नातू, पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, १७३५ मध्ये याच टेकडीवरून पार्लमेंटात शिरला. आपल्या देशातून गेलेल्या पैशावर इंग्लंडातील मतदारसंघ विकत घेतले जात होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरम रद्द झाला, तोही कोणा सज्जनाच्या सद्बुद्धीने नव्हे, देशभर लोक रस्त्यावर उतरल्यावर.

आपल्याकडेही मतदारसंघ जन्मले आणि नाहीसे झाले. त्यांत ठाणे जिल्ह्यातील एकाची आठवण विशेष मोलाची आहे. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत ठाणे हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. दोन जागा, त्यांपैकी एक अनुसूचित जमातीसाठी राखीव. आणि प्रत्येक मतदाराला दोन मते, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि तीत मतपत्रिका टाकायची. जो कामगार वा शेतकरी सर्वसाधारण जागेसाठी एका पेटीत मत टाकी, तोच दुसऱ्या पेटीत आदिवासी उमेदवारासाठीही टाकी. आणि डहाणूचा वारलीही तेच करी.

१९५२ साली या जागा काँग्रेसकडे गेल्या. १९५७ साली मात्र द्विभाषिक मुंबई राज्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला होता. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष समितीच्या छत्राखाली एकत्र आले होते. ठाण्यातून शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा हे दोघे कम्युनिस्ट उमेदवार लोकसभेत गेले. शामराव हे १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात गेलेले, खोतीविरुद्धच्या लढ्यातले. पुढे त्यांनी आणि गोदावरी परुळेकरांनी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांत किसान सभा उभी केली. वेठ आणि लग्नगड्याची गुलामी यांविरुद्ध १९४५ साली वारली उठले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. बारा वर्षांनी त्याच जंगलातून दिल्लीला माणूस गेला. आमचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद जुने आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण या निकालाचे मोल त्याने कमी होत नाही.

ही पद्धत आदर्श होती असे आम्ही म्हणणार नाही. मतदारसंघ अवाढव्य असे, खर्च दुप्पट होई. राखीव जागेचा उमेदवारही सर्वांच्या मतांवर निवडून येई. त्यामुळे आदिवासींना नको असलेला माणूस आदिवासींचा प्रतिनिधी म्हणून त्यांच्या माथी मारणे सोपे जाई. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे उलटे घडले. राखीव जागेसह सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवारालाच मिळाली आणि कामगार पुढारी व्ही. व्ही. गिरी पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ मध्ये तो निकाल कायम झाला. अधिक मते पडलेला आदिवासी ‘सर्वसाधारण’ जागेवर बसू शकतो, हे सिद्ध होताच ही पद्धत अनेकांना गैरसोयीची वाटू लागली, यात नवल नाही. लोकसभेच्या ४०३ मतदारसंघांपैकी ९१ असे जोडीचे होते. १९६१ च्या कायद्याने ते सारे संपले.

त्यानंतर आदिवासी पट्टा निराळा आणि शहरी पट्टा निराळा अशी आखणी झाली. १९६७ पासून डहाणू हा राखीव मतदारसंघ. त्याचा पहिला खासदार झाला तो जव्हारचा माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे! वारल्यांच्या उठावानंतर वीस-बावीस वर्षांत राजवाडा परत आला. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम निवडून आले, तेव्हा जंगलाचा आवाज पुन्हा एकदा लोकसभेत ऐकू आला. १९८० पासून मात्र ही जागा आधी दामोदर शिंगडांच्या काँग्रेसची आणि १९९६ पासून काँग्रेस व भारतीय जनता पक्ष यांच्यातील ये-जा झाली. इकडे ठाण्याच्या उमेदवाराला डहाणूच्या पाड्यावर जाण्याची गरजच उरली नाही. आपल्या पक्षाच्याही नाही. शहरी कार्यकर्ता आणि वनपट्टीतला शेतमजूर यांची गाठ ज्या दुसऱ्या मतपत्रिकेने घातली होती, ती निघून गेल्यावर आपण स्वेच्छेने ती गाठ कितपत राखली, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या शाखेपुरते द्यावे.

२००८ च्या पुनर्रचनेत डहाणूही नाहीसा झाला. ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या. लोकसभेसाठी पालघर, भिवंडी आणि कल्याण हे नवे मतदारसंघ ठाण्याच्या जोडीला आले. पालघर राखीव आहे; पण त्याच्या सहा विधानसभा क्षेत्रांत वसई आणि नालासोपारा ही दोन अफाट वाढलेली शहरी क्षेत्रे आहेत. जागा आदिवासींची आणि निकालाची किल्ली लोकलच्या प्रवाशांकडे, असा हा योग. खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदर विधानसभा मतदारसंघ नवा झाला, परंतु शहराचा काही भाग ओवळा-माजिवड्याला जोडला गेला. त्यामुळे महानगरपालिका एक आणि आमदार दोन. पाण्याचा, रस्त्याचा वा जमिनीचा प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला एक आमदार दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

या साऱ्यात उत्तनचा मच्छीमार, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातला मजूर आणि काशिमिऱ्याच्या डोंगरालगतच्या पाड्यांवरचा आदिवासी कोठे बसतो? या शेवटच्याला तर कोणत्याच राखीव जागेचा आधार नाही.

लोकसभेत कोणत्या राज्याला किती जागा, हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गोठविले. चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. त्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. म्हणजे सीमा पुन्हा हलण्याचा काळ दूर नाही. परिसीमन आयोगाचा अंतिम आदेश निघाला की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने जवळजवळ बंद केली आहे. आयोगावर सहयोगी सभासद असतात ते विद्यमान खासदार-आमदार. ज्यांच्या पायाखालची जमीन मोजायची त्यांनाच साखळी धरायला बोलावलेले. सामान्य नागरिकाला वाव मिळतो तो फक्त मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून जाहीर सुनावणीपर्यंत.

२००८ पूर्वीच्या त्या मुदतीत किती शाखांनी हरकती नोंदविल्या होत्या? या वेळी मसुद्याची वाट पाहत बसू नये. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील वस्त्या, पाडे, कोळीवाडे आणि कामगार चाळी यांची यादी नकाशासह आताच तयार करावी. मीरा-भाईंदर संपूर्ण एका विधानसभा क्षेत्रात असावे की दोन संपूर्ण क्षेत्रे शहरातच मिळावीत, यावर शहर समितीने चर्चा करून ठराव जिल्हा कार्यालयाकडे धाडावा. आणि पालघरच्या राखीव जागेत आदिवासी गावांचे प्रमाण किती असावे, हा ठराव खाडीपलीकडच्या साथींना सोबत बसवूनच करावा. त्यांच्या वतीने येथे बसून नव्हे.